न झिंगणाऱ्या माणसाची बायको

बोंडखेडच्या आशाबाईला कोणी विचारलं, तुमचे यजमान घेतात का, तर ती खोटं बोलायची नाही. पदर खोचायची, मान ताठ करायची आणि सांगायची, "पेतात ना. पन आजवर पाय वाकडा पडला नाई." हे ती अशा थाटात म्हणायची की समोरच्या बाईला आपल्या न पिणाऱ्या नवऱ्याचीच लाज वाटावी.

आणि ते खरंच होतं. सूर्यभान मूर्तिजापूर रस्त्यावरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. संध्याकाळी जिनातून सुटला की स्टँडजवळच्या देशी दुकानात जायचा, उभ्या उभ्या आपला कोटा संपवायचा आणि सायकल सरळ रेषेत चालवत घरी यायचा. बाकीचे गडी नालीत लोळत, कोणी विजेच्या खांबाशी भांडण काढून बसलेला, कोणी दुसऱ्याच्या घरात शिरून भाकर मागतोय. सूर्यभान मात्र पाय धुऊन, सदरा खुंटीला टांगून, पोरांचा अभ्यास विचारायचा. पाहुणे आले की आशाबाई त्याच्या हातात सुई-दोरा द्यायची. तो कंदिलासारखे लाल डोळे बारीक करून पहिल्या झटक्यात दोरा ओवायचा. "पायलं?" आशाबाई पाहुण्यांकडे बघायची. पाहुणे माना डोलवायचे. चहा नंतर यायचा.

सकाळचं मात्र ती पाहुण्यांना सांगायची नाही. कारण तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटतच नव्हतं. आंघोळीआधी सूर्यभान कपाटामागच्या बाटलीतून झाकणभर, मग दोन झाकणं, मग वाटीभर घ्यायचा. "हाताचा कंप जाते," तो म्हणायचा. कोणी गुडघ्याला तेल लावतं, कोणी डोळ्यांत गुलाबपाणी घालतं, तसंच हे, असं तिने धरलं होतं.

आशाबाई मूळची चांदूर रेल्वेची. बापाचं घर रुळाला लागून, त्यामुळे गाडी धडधडत जात असताना बोलणं पुरं करायची घरादाराला सवय. ही लग्न होऊन बोंडखेडात आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिने विहिरीवरून सासूला हाक मारली, तर तिसऱ्या गल्लीतल्या दोन सासवा "काय वं?" म्हणत बाहेर आल्या. त्या आवाजावर पुढे गावाने निवडणूक जिंकली. तीही बाटलीची.

झालं असं, की देशीचं दुकान जागा बदलत बदलत अंगणवाडीच्या समोर येऊन बसलं. लेकरं खिचडी खात बसायची आणि पलीकडे त्यांचे बाप डोलत उभे असायचे. आशाबाई चतुराबाईच्या घरी गेली. चतुराबाई म्हणजे बुद्धविहारातल्या महिला मंडळाची कारभारीण. बोलायची कमी, पण एकदा हो म्हणाली की ते काम झालं असं समजावं. दोघींनी मिळून अर्ज केला, सह्या दिल्या, दारूखात्याच्या साहेबांपुढे सह्या पुन्हा ओळखून दाखवल्या आणि मतदानाचा दिवस लागला. चिठ्ठीवर दोनच चित्रं: दुकान राहू द्यायचं तर उभी बाटली, बंद करायचं तर आडवी. आणि नियम असा, की गावातल्या एकूण बायांपैकी अर्ध्याहून जास्तींनी आडवीवर शिक्का मारला पाहिजे. म्हणजे घरी बसलेली बाई आपोआप उभीच्याच कामाची.

उभ्या बाटलीचा पुढारी गजेंद्र. त्याचा दुकानाला चिकटून चकण्याचा ठेला: उकडलेली अंडी, फुटाणे, तर्रीवाला चिवडा. दारू गेली तर अंडी कोण खाणार, ही त्याची सरळ चिंता. तो मतदानाच्या आधी आशाबाईला म्हणाला, "आशावैनी, तुमी दुसऱ्याईचं दुकान बंद करून रायल्या, पन घरी तर रोज बाटली खाली होते."

"माया माणूस पेते अन् सरय घरी येते, गजेंद्रभाऊ. तुये गिऱ्हाईक नालीतून काढा लागते. फरक हाये का नाई?"

गजेंद्रची बायको रूपाली मागे अंडी सोलत बसली होती, ती फसकन हसली. मतदानाच्या दिवशी रूपालीने शिक्का कशावर मारला हे गुप्त मतदान असल्यामुळे गावात सगळ्यांना माहीत आहे.

चतुराबाईने कापूस वेचायला परगावी गेलेल्या बाया टेम्पो करून परत आणल्या. बाळंतीण आली, मोतीबिंदू झालेली म्हातारी आली. आडवी बाटली अशी जिंकली की साहेबांनी पुन्हा मोजायची तसदीसुद्धा घेतली नाही. मिरवणूक निघाली. पुढे भजनी मंडळाचे नत्थुजी खंजिरी वाजवत. नत्थुजी म्हणजे गावाचं पांढरं धोतर. दर वर्षी गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात जाणारे, व्यसनमुक्तीवर भजन म्हणताना डोळ्यांत पाणी आणणारे. मागे आशाबाई आणि चतुराबाई. त्यांच्या मागे बाया, आणि सगळ्यांत मागे, मयताला आल्यासारखे, पुरुष.

आता जिंकल्यावर गप्प बसेल ती आशाबाई कसली! तिने मारुतीच्या पारावर नारळ ठेवला आणि जाहीर केलं, की गावातल्या प्रत्येक पिणाऱ्याने नारळावर हात ठेवून सांगायचं, आजपासून थेंब नाही. एकाच दिवशी, सगळ्यांनी. ही आपल्याकडची जुनी रीत. शपथ घ्यायची ती सगळ्यांदेखत आणि एका झटक्यात. पुरुषमंडळी एकमेकांच्या मागे लपायला लागली. तेवढ्यात सूर्यभान पुढे झाला. हात ठेवला, आणि बायकोच्या आवाजाला शोभेल अशा आवाजात म्हणाला, "आजपासून नाई. जिच्या नावानं गाव उभं रायलं, तिच्या घरी बाटली बरी दिसत नाई."

चतुराबाईने त्याच्या गळ्यात हार घातला. आशाबाईने नजर वळवून डोळे पुसले, ते सगळ्यांनी पाहिलं. सूर्यभानच्या मागोमाग बाकीच्यांनीही हात ठेवले. गजेंद्रनेही ठेवला, रूपाली कोपराने ढोसत होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यभानच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. जानेवारीची थंडी, आणि त्याच्या कपाळावर घाम. रात्रभर डोळा लागला नव्हता. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं म्हणून त्याने ते काढून उशीखाली घातलं. आशाबाईने काढा दिला, डोक्याला बाम लावला. सवय मोडताना अंग जरा कुरकुरणार, असं तिने मनाशी म्हटलं. गावात बाकी कोणाला काही झालेलं नव्हतं. कालपरवापर्यंत नालीत लोळणारे गडी आज पारावर बसून तंबाखू मळत होते, ठणठणीत. ते पडले हातात पैसा आला की पिणारे, रोजचे नव्हेत. मग तिच्याच माणसाला, ज्याचा पाय कधी वाकडा पडला नाही, त्याला काय झालं?

तिसऱ्या दिवशी सूर्यभान गोधडीवरून काहीतरी वेचून वेचून बाजूला टाकायला लागला.

"काय वेचून रायले?"

"बोंडअळी वं. पाह्य ना, सारी गोधडी भरली. भिंतीवरूनबी उतरून रायली."

भिंत कोरी होती. मग तो उठून बसला आणि हवेतच नट फिरवायला लागला. "सोळाचा पाना दे," म्हणाला. "पट्टा सुटला. देशमुख फोरमन बोंबलून रायले." देशमुख फोरमनला जाऊन बरीच वर्षं झाली होती. आशाबाईने विचारलं, मी कोण, तर म्हणाला, "तू रोलरवर कामाला लागली ना नवीन?"

तेव्हा ती पहिल्यांदा घाबरली.

बातमी ठेल्यावर पोचायला वेळ लागला नाही. तिथे लगेच नवं वाक्य तयार झालं: बाटली आडवी केली, तर माणूस आडवा पडला. कोणी म्हणालं देवीचा कोप. कोणी म्हणालं, आता पुन्हा अर्ज करू, पुन्हा मतदान लावू. लोकांचे जीव जात असतील तर दुकान पाहिजेच. ज्या बायांनी आडवीवर शिक्का मारला होता त्यांतल्या दोघी-तिघी आशाबाईच्या दाराशी येऊन न बोलता परत गेल्या. त्यांच्या घरीही नवरे होते.

देवमन आला, पिशवीत सलाईन घेऊन. देवमन डॉक्टर नव्हे, पण गावात सलाईन तोच लावतो. आणि आपल्या भागात कसलंही दुखणं असो, ताप, नापास होणं, सुनेशी भांडण, एक सलाईन लावल्याशिवाय माणसाला बरं वाटत नाही. "ग्लुकोजची चढवतो, काकू. ताकद येईन." मागच्या दाराने गजेंद्र आला. त्याच्या सदऱ्याखाली पव्वा होता. तो इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाला, "वैनी, चेष्टा नाई करत. उलीशी पाजा. आत्ता शांत होते. मी कोनाले सांगत नाई, आईशपथ."

लबाडी आणि माया दोन्ही त्याच्या तोंडावर एकाच वेळी होत्या, आणि कोणती किती, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

एका हाताला सलाईन, एका हाताला पव्वा, आणि मधे नवरा हवेत नट आवळतोय. आशाबाईने पव्व्याकडे पाहिलं. पाजला तर माणूस वाचेल, आणि गावाला कळलं तर गावाची बाटली उभी राहील. नाही पाजला तर? तिने भाचीला फोन लावला.

प्रणाली तिच्या भावाची मुलगी, अमरावतीला फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवते. गुणी पोरगी, पण एक खोड. लग्नात जेवणाच्या पंगतीतसुद्धा ती लोकांना त्यांच्या पोटात काय चाललंय ते सांगते. मागच्या लग्नात तिने सूर्यभानला बुंदी वाढता वाढता सुनावलं होतं, "मामाजी, चढत नाई म्हणजे पचते असं नाई. मेंदूनं सवय करून घेतली, एवढंच. लिव्हर मात्र रोज मार खाते." सूर्यभान हसून म्हणाला होता, "लिंबू-पानी घेतो ना मंग." त्यावर प्रणालीने त्याला त्याच्याच जिनाचं उदाहरण दिलं होतं. जिन तासाला जेवढा कापूस घेतं तेवढाच घेतं, फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली म्हणून रोलर जास्त फिरत नाही. तसंच लिव्हर. लिंबू घ्या, दही खा, काळी कॉफी प्या की थंड पाण्याने आंघोळ करा; ते आपल्याच चालीने दारू उतरवणार. सूर्यभानला हे पटलं होतं. पटून त्याने आणखी थोडी घेतली होती.

आशाबाईने फोनवर सगळं सांगितलं. पलीकडून प्रणालीचा आवाज एकदम बारीक झाला. "आत्या, सकायी उठल्या उठल्या घेत होते का?"

"हो. हाताच्या कंपासाठी."

"किती वर्सं?"

आशाबाईने कपाटाकडे पाहिलं. मोजली नव्हती.

"ऐक. हा कोप नाई अन् वेड नाई. रोज भरपूर घेनाऱ्यानं एकाएकी सोडली की असं होते. आता फिट येऊ शकते, जीवबी जाऊ शकते. देवमनले सलाईन लावू देऊ नको. आधी व्हिटॅमिन बी-वनचं इंजेक्शन, मंग ग्लुकोज. उलटं झालं तर मेंदूले धक्का. अकोल्याले आन, आत्ताच. मी निघतो इथून."

"गजेंद्र म्हनते थोडीशी पाजा."

"थरथर थांबन, खोटं नाई सांगत. पन त्यायची शुद्ध गेली हाये, आत्या. घोट ठसक्यात गेला तर घरीच जातीन. अन् दुखनं तिथंच रायते, उद्यावर. हे दवाखान्याचं काम हाये."

आशाबाईने फोन ठेवला. पव्वा गजेंद्रच्या सदऱ्यात परत कोंबला आणि म्हणाली, "तुया तो छोटा हत्ती टेम्पो कुठं उभा हाये?"

"ठेल्याजवळ. कावून?"

"आन. तुले पाजायचीच होती ना माया मानसाले? आता त्याले पोचव."

गजेंद्रने पव्वा सदऱ्यासकट पोटाशी धरला. मग पळत गेला. उभ्या बाटलीचा पुढारी आडव्या बाटलीच्या पुढारणीच्या नवऱ्याला चकण्याच्या गाडीतून दवाखान्यात नेतोय, असं दृश्य बोंडखेडात पुन्हा होणे नाही. गाडीत फुटाण्यांचं पोतं होतं, त्यालाच टेकवून सूर्यभानला बसवलं. चतुराबाई गोधडी घेऊन शेजारी चढली.

गजेंद्र स्टिअरिंगवर बसून म्हणाला, "वैनी, मांगून पांदीच्या रस्त्यानं घेतो. पारावरून गेलो तर समदं गाव पायते."

आडव्या बाटलीची पुढारीण, आणि तिचाच नवरा दारूवाचून वेडा झालेला. मागून गेलं तर निदान संध्याकाळपर्यंत झाकलं राहील. आशाबाईने फुटाण्यांच्या पोत्याला टेकलेल्या, हवेत पाना फिरवणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं. गावात असा आणखी कोणी असेल तर? ज्याचा पाय वाकडा पडत नाही, म्हणून ज्याच्याकडे कोणी पाहिलं नाही, असा?

"पारावरून घे," ती म्हणाली. "अन् तिथं थांबव."

पारावर गडी होते, ठेल्याची माणसं होती, गुपचूप येऊन गुपचूप गेलेल्या त्या बायाही होत्या. आशाबाई गाडीच्या मागच्या फळीवर उभी राहिली आणि तिचा चांदूर रेल्वेचा आवाज सुटला.

"पाहून घ्या! हा माया माणूस. रोज पेत होता, सकायी पेत होता. मले वाटे पाय वाकडा पडत नाई म्हंजे भागते. भागत नाई! दारू त्याच्या डोक्यात घर करून बसली होती, मी त्याले एका दिवसात सोडाले लावली, म्हनून असं झालं. चूक नारळाची नाई, घाईची हाये. दुकान उघडनार नाई. पन तुमच्यात कोनी रोज सकायी घेत असन, अन् शपथ घेतल्यापासून हात थरथरत असतीन, त्यानं लाजू नाई. गाडीत बसा. आत्ता!"

कोणाची तरी कोंबडी फळीखालून गेली. आणि मग गर्दीतून छन् छन् छन् असा आवाज आला.

नत्थुजी पुढे आले. हातात खंजिरी होती आणि ती आपोआप वाजत होती. काल भजनात ती अशीच वाजली तेव्हा लोक म्हणाले होते, काय भाव लागला बुवाजींना! भाव कसला! चोरून घेतलेली त्यांनीही शपथेच्या दिवशीच सोडली होती, आता हात थांबत नव्हते. सगळ्या गावाची नजर पांढऱ्या धोतरावर खिळली. नत्थुजींनी कोणाकडे पाहिलं नाही. गाडीची फळी धरली आणि घामेजलेल्या तोंडाने म्हणाले, "आशाबाई, जरा हात दे. मले चढता येत नाई."

तिने हात दिला. चतुराबाईने फुटाण्यांचं पोतं सरकवून जागा केली आणि पहिल्यांदा बोलली, "बसा बुवाजी. खंजिरी माह्याजवळ द्या. रस्ता खराब हाये, अकोल्यापर्यंत डोकं उठन."

गजेंद्रने गाडी मारली. मागे पारावर एकही माणूस हसला नाही. आणि बोंडखेडच्या पाराच्या बाबतीत ही गोष्ट फार मोठी समजावी.

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सूर्यभानला आत घेतलं, आधी बी-वन टोचलं, मग झोपेचं औषध ठरावीक वेळाने द्यायला सुरुवात केली. प्रणाली अमरावतीहून पोचली तेव्हा आशाबाई व्हरांड्यात बसली होती. बोलत नव्हती. आशाबाई बोलत नाही, हे दवाखान्याच्या बाहेर कोणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

प्रणालीने तिच्याजवळ बसून सांगितलं. मेंदूत एक कासरा असतो, एक पराणी. कासरा ओढला की बैल हळू, पराणी टोचली की जोरात. दारू रोज कासरा ओढते. पण गाडी तर चालली पाहिजे, म्हणून मेंदू पराणी जास्त टोचायला लागतो. दारू वाढली, पराणी वाढली. म्हणून तर सूर्यभान पिऊनही सरळ चालत होता. आणि एक दिवस कोणी कासरा एकदम कापला. पराणी मात्र टोचतच राहिली. बैल उधळणार नाहीत तर काय? "हे औषध म्हंजे तात्पुरता कासरा हाये. तो हळूहळू सैल करत जायचा, तोवर पराणी थांबते."

"म्हंजे ते न झिंगनं..." आशाबाई म्हणाली. "मी लोकाईले सुई ओवून दाखवाले लावत होती."

"झिंगनाऱ्याले गाव घरी पोचवते, आत्या. न झिंगनाऱ्याले कोन थांबवन? तू थांबवलं. घाई केली, पन थांबवलं. अन् पारावर गाडी उभी केली नसती तर नत्थुजी घरीच गेले असते."

गजेंद्र कोपऱ्यात उभा राहून हे ऐकत होता. त्याने विचारलं, "आन् म्याडम, अंडी खाऊन पेलं तर?"

"उलीसं उशिरा चढते. चढतेच."

"मंग माया ठेल्याचा काही उपेग नव्हता म्हना."

"नव्हता."

हल्ली त्याच्या ठेल्यावर पोहे आणि चहा मिळतो. रूपाली म्हणते, कल्पना तिची होती. गजेंद्र म्हणतो, त्याची. खरं-खोटं त्या दोघांना माहीत, पण पोहे रूपालीच करते.

सूर्यभान शुद्धीवर आला तो दोन दिवसांनी, सकाळी. त्याने भिंत नीट पाहून घेतली. काही चालत नव्हतं. आशाबाईने कपभर चहा पुढे केला. कप धरताना बोटं थोडी कापली, पण चहा सांडला नाही. पलीकडच्या खाटेवरून नत्थुजींनी मान उंच करून पाहिलं आणि आपलाही चहा मागवला.

"गावात कोनाले कयलं का वं?" सूर्यभानने हळू विचारलं.

"समद्याईले. मीच सांगतलं, पारावर उभी राहून."

सूर्यभानने चादर हनुवटीपर्यंत ओढली. मग म्हणाला, "मोठ्यानं?"

"मले दुसरं येते का?"

पुन्हा मतदान लावायचा अर्ज कोणी केला नाही. बोंडखेडात आता रीत बदलली. आधी डॉक्टर येतात, शाळेत शिबिर लागतं. रोज घेणारा कोण, सकाळी घेणारा कोण, हे बायाच सांगतात, आणि नवऱ्याने खोटं सांगितलं तर सगळ्यांदेखत दुरुस्त करतात. त्यातल्या ज्याला औषध लागेल त्याला औषध. पारावरचा नारळ त्यानंतर. शिबिरात सगळ्यांत पुढे बसतात नत्थुजी, आणि कोणी लाजला तर त्याचा हात आपल्या हातात घेऊन म्हणतात, "पाह्य, माह्याबी हात थरथरत होता."

आता शेजारच्या गावांतून बाया आशाबाईला न्यायला येतात. आपल्या गावची बाटली आडवी कशी करायची ते सांगायला. तिथे ती पहिल्यांदा बाटलीविषयी बोलतच नाही. पहिल्यांदा विचारते, "तुमच्या गावात असा कोन हाये, जो भल्ला पेते पन कोनाले दिसत नाई? त्याचं नाव आधी सांगा." बाया एकमेकींकडे पाहतात, आणि कोणी ना कोणी खाली मान घालतेच. आशाबाई तिच्याच शेजारी जाऊन बसते.

परवा असंच एका गावाहून बोलावणं आलं. आशाबाई निघाली तर सूर्यभान इस्त्रीचा सदरा घालून अंगणात तयार.

"तुमी कुठं?"

"मी येतो ना. मले स्टेजवर बसव."

"तुमी काय भाषन देसान?"

"भाषन तू दे," सूर्यभान म्हणाला आणि सायकल दारात लावली. "मी नमुना म्हनून बसतो. पन एक सांगतो, बोंडअळीचं उलीसं कमी सांगजो. मागच्या गावात तू माह्या अंगावर साप काढले."

"अळी लांबून दिसत नाई, साप दिसते," आशाबाई म्हणाली आणि चालायला लागली. सूर्यभान तिच्या मागे, मान ताठ करून.